चौतीस नंबरचा टी-शर्ट

"देवानं उंची दिली, दुसरं काय? हात वर केला की बास्केट. त्यात मेहनत कसली?" लातूरला मेहुणीच्या घरी मुरमुऱ्यांच्या सुशिल्याची दुसरी प्लेट संपवता संपवता बालाजीनं निकाल देऊन टाकला.

त्याच्या बायकोनं, सिंधूनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. "उंची तर तुम्हाला बी दिली हाय. मग तुम्ही का पतसंस्थेत बसलाव?"

बालाजी नांदेडच्या एका पतसंस्थेत कारकून होता. कॉलेजात असताना तो बास्केटबॉल खेळायचा. आता ती उंची दारातून जाताना वाकण्यापुरती आणि माळ्यावरचे डबे काढून देण्यापुरती उरली होती. खेळाचं वेड मात्र कायम होतं. आज संध्याकाळी 'गोदाकाठ टायगर्स'चा सामना लातुरात होता आणि टायगर्सचा हुकमी एक्का अरीब हा अस्सल नांदेडचा पोरगा. त्याच्यासोबत एक सेल्फी मिळावा म्हणून बालाजीनं टीमचा टी-शर्टही घेतला होता. अरीबच्या नंबरचे टी-शर्ट केव्हाच संपले होते, म्हणून दुकानदारानं चौतीस नंबर गळ्यात मारला. तो नंबर किनवटकडच्या कुण्या सटवाजीचा होता.

"सटवाजी कोण?" सिंधूनं विचारलं.

"बाकावर बसणारा असंल कुणीतरी," बालाजी म्हणाला आणि टी-शर्टात पोट कोंबून टीमच्या हॉटेलकडं निघाला.

हॉटेलसमोर टीमची बस चालू करून ठेवली होती. दारात शिट्टी गळ्यात अडकवलेली एक बाई उभी होती. ती टीमची नवी ट्रेनर सुकन्या. रात्रीच रुजू झाल्यामुळं तिला खेळाडूंचे चेहरे अजून ओळखू येत नव्हते, पण नंबर तिनं पाठ केले होते. आणि बसमध्ये एक नंबर कमी भरत होता.

"ओ चौतीस! सगळी टीम तुमच्यासाठी खोळंबून बसलीय. चढा वर!"

"मॅडम, मी फक्त फोटोसाठी..."

"फोटो संध्याकाळी. चढा आधी!"

बालाजी खुलासा करणारच होता. तेवढ्यात पुढच्या खिडकीत त्याला अरीब दिसला आणि त्याचे पाय आपोआप पायऱ्या चढले.

खेळाडूंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग एकमेकांकडं. कोच आनंदराज सर अधूनमधून नवा खेळाडू चाचणीला बोलवायचे, हे त्यांना ठाऊक होतं. या वयाचा आणि या पोटाचा कुणी आजवर आला नव्हता, पण सरांना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. सर स्वतः मागून येणार होते.

सरावाच्या हॉलवर गेल्याबरोबर सेल्फी काढायचा आणि सटकायचं, असं बालाजीनं ठरवलं. पण अरीब बसमधून उतरला तो थेट चेंडू घेऊन बास्केटसमोर गेला. बालाजीला वाटलं, आता उड्या, गिरक्या, काहीतरी करामत बघायला मिळणार. अरीब एकाच जागेवरून चेंडू टाकत राहिला. तीच जागा, तसेच गुडघे, तसंच मनगट. चेंडू जाळीत पडत होता, तरी पुन्हा तेच. एक चुकला तेव्हा तो कुणाला काही न बोलता, जणू अजून सुरुवातच केली नव्हती अशा थाटात परत पहिल्यापासून लागला. बघून बघून बालाजीला कंटाळा आला आणि मग असला कंटाळा रोज पचवणाऱ्या त्या पोराची भीती वाटायला लागली. अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला हा पोरगा शाळकरी मुलासारखा पाढे घोकत होता.

"चौतीस! काय बघायलाव? पळा!" सुकन्याची शिट्टी वाजली. "एक जण मागं राहिला तर सगळ्यांची फेरी परत!"

बालाजी मागं राहिला. सगळी टीम परत पळाली. बालाजी पुन्हा मागं राहिला. टीम पुन्हा पळाली. एकानंही शिवी दिली नाही, हे त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. शेवटी अरीबच त्याच्या बाजूला येऊन पळू लागला.

"भाई, पाय कशाला घासायलाव? उचला की."

"मी... मला... ते..."

"बोलू नका. नाकानं श्वास घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा बालाजी अरीबच्या इतका जवळ होता आणि खिशातला मोबाईल काढायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

पाणी प्यायला थांबल्यावर अरीबनं हळूच विचारलं, "सटवाजीच्या जागी घेतलं का तुम्हाला?"

बालाजी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. प्रत्येक धापेबरोबर त्याची मान खालीवर होत होती. अरीबनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं शेजारच्याला सांगितलं, शेजारच्यानं पुढच्याला.

नेमका तेव्हाच मागचा दरवाजा उघडला. घामानं निथळत, काखेत चेंडू धरून एक आडदांड पोरगा आत आला. तो सटवाजी. बसची वाट न बघता तो पहाटेच हॉटेलवरून पळत आला होता आणि हॉल बंद होता म्हणून मागच्या मोकळ्या कोर्टवर एकटाच सराव करत होता. बालाजीच्या अंगावरचा नंबर बघून तो थबकला.

"सटवा," कुणीतरी चाचरत म्हणालं, "सरांनी तुझ्या जागी हे नवीन आणलेत वाटतं."

सटवाजीनं उगीचच चेंडू टी-शर्टाला पुसला. मग तो बालाजीजवळ आला.

"दादा, स्क्रीन लावता येती का?"

"न्हाई."

"मग या हिकडं. सांजच्याला मॅच हाय, वेळ न्हाई." त्यानं बालाजीला कोर्टच्या उजव्या बाजूला उभं केलं. "अरीब इथून पळतो. त्याच्या मागं लागलेल्या गड्याच्या वाटंत आपण भिंतीगत उभं राहायचं. तो येऊन धडकतो. आपण हलायचं न्हाई. हललं की फाऊल."

"आन् बॉल?"

"बॉल आपल्याकडं येत न्हाई."

"कधीच?"

"कधी येतो की. तवा अरीबला देऊन टाकायचा."

खाली बसून त्यानं स्वतःच्या हातांनी बालाजीचे पाय फाकवून नीट लावले. कोणता खांदा पुढं ठेवायचा, अरीबला किती जागा लागते, दमल्यावर तो कोणत्या बाजूला झुकतो, सगळं सांगितलं. आवाज साधाच होता, पण कान लाल झाले होते.

"तुम्हाला राग न्हाई आला?" बालाजीनं विचारलं.

"आला की. लई आला. पण अरीबला जागा मिळाली न्हाई तर मॅच जाईल ना."

बालाजीला पुढं उभं राहवेना. तो फतकल मारून खालीच बसला. "मी खेळाडू न्हाई हो! पतसंस्थेत कारकून हाय! सेल्फी काढायला आलतो!"

सुकन्याच्या तोंडातली शिट्टी निसटून गळ्यात लोंबली. त्याच वेळी आनंदराज सर आत आले आणि म्हणाले, "हे गृहस्थ कोण?"

आधी अरीबला हसू फुटलं, मग सगळा हॉल खदखदला. एकटा सटवाजी हसला नाही. "सर, म्हणजे मी हाय ना टीममधी?"

"तू न्हाईस तर या अरीबला मोकळा कोण करील, मी?"

सटवाजी लगेच चेंडू घेऊन कोर्टवर गेला. बालाजीला शिकवण्यात त्याचा सराव राहिला होता. हसणं तिथंच टाकून अरीबही त्याच्या मागं गेला. सेल्फीची आठवण कुणालाच राहिली नाही, बालाजीलासुद्धा.

संध्याकाळी सिंधूनं त्याला खेकड्यासारखं आडवं चालवत गॅलरीच्या पायऱ्या चढवल्या. अरीबच्या प्रत्येक बास्केटला माणसं उड्या मारत होती. बालाजी मात्र भलतीकडंच बघत होता.

"अहो, बॉल तिकडं हाय. तुम्ही कुठं बघायलाव?"

"तू बघ बॉल."

सामना संपत आला, गुण बरोबरीत होते. अरीब उजवीकडून सुटला. त्याच्या मागं रेड्यासारखा एक गडी धावला आणि त्या वाटेत सटवाजी येऊन उभा राहिला. धाडकन आवाज झाला. सटवाजी तसूभर हलला नाही. अरीबपुढं अंगणाएवढी जागा मोकळी झाली आणि चेंडू जाळीतून खाली आला.

"सटवा! वा रे सटवा!" बालाजी ताडकन उठला. उठला, आणि गुडघे अडकले.

"ओ लंबू, खाली बसा की!" मागून आरडाओरडा झाला.

"बसता येईना हो!"

मागच्या रांगेला दिसेना, म्हणून ती उभी राहिली. तिच्या मागची तिच्यामुळं. ही बाजू उभी राहून सटवाजीचं नाव घेतेय असं पाहून समोरची गॅलरीही मानानं उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. खाली अरीबनं दोन्ही हातांनी सटवाजीकडं बोट केलं.

सटवाजीनं गोंधळून एकदा वर पाहिलं. मग "अरीब, मागं बघ, बॉल आला!" असं ओरडत तो आपल्या जागेकडं पळाला.

सिंधूही उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "पण त्यानं केलं काय?"

बालाजीचे डोळे भरून आले होते.

"उभा राहिला गं," तो म्हणाला.