क्लचमधली हवा

हेडक्लार्कसाहेबांनी मोटारसायकलचा क्लच घरीच दुरुस्त करायचं ठरवलं, ते केवळ मेकॅनिक नेमका त्याच आठवड्यात बाहेरगावी गेला म्हणून. (एरवी ते घरातला बल्बसुद्धा बायकोला विचारून बदलत.) पण उद्या सकाळी निघायचं होतं. बायको नर्स. तिघीजणींच्या ड्यूट्या अंगावर घेऊन तिने दोन दिवस सुटी मिळवली होती. धाकट्या बहिणीला बाळ होऊन दोन महिने झाले, तरी मावशीने अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि साहेबांच्या त्या वीस वर्षं जुन्या, लांब पल्ल्याच्या धुडाचा क्लच ओल्या स्पंजासारखा दबत होता. गिअर काही पडत नव्हता.

"या क्लचला तार नसते, तेल असतं," साहेबांनी व्हिडिओ पाहून निदान केलं. "नळीत हवा शिरलीये. हँडलवरचा लिव्हर दाबायचा, खाली इंजिनापाशी एक पोकळ स्क्रू आहे तो ढिला करायचा, की तेलाबरोबर हवा बाहेर. दहा मिनिटांचं काम!"

"बसने जाऊ या का?" बायकोने विचारलं.

हे साहेबांना फार लागलं.

दहा मिनिटं सकाळी नऊला सुरू झाली. हँडलवरच्या तेलाच्या डबीच्या झाकणाला दोन स्क्रू होते. एक साहेबांनी काढला, दुसऱ्याने साहेबांचा जीव काढला. मग डाव्या हाताने लिव्हर दाबत आणि वाकून उजव्या हाताने पाना फिरवत त्यांनी एकट्याने दोनशे बारा वेळा कसरत केली. (आकडा अचूक आहे. नोकरीच तशी.) बुडबुडे येतच राहिले. शेवटी बायकोला हाक गेली.

"मी म्हटलं की दाब, म्हटलं की सोड. दाब!"

"दाबलं."

"काहीच होत नाहीये! नीट दाब."

"अहो, दोन्ही हातांनी दाबलंय!"

साहेबांनी मान वर केली. ती ब्रेक दाबून उभी होती.

बाजू बदलली. लिव्हर दाबला, स्क्रू ढिला झाला, तेल आलं, आणि पाना अडकून बसला. "सोड ना मेल्या!" साहेब ओरडले. बायकोने लिव्हर सोडला. उघड्या स्क्रूतून नळीने पोटभर हवा ओढून घेतली.

"अगं, सोडलास कशाला?"

"तुम्हीच म्हणालात!"

"ते पान्याला! मेल्या म्हणालो ना? तुला म्हटलं असतं तर मेले..."

साहेब वेळीच थांबले. पण फारसं वेळीच नाही.

बाराच्या सुमाराला सांडलेल्या तेलाने टाकीचा रंग खाल्ला, तेव्हा बायको हात धुऊन आली आणि नळीकडे बघत राहिली.

"अहो, हवा वर जाते ना? मग ती खालून का काढताय?"

"व्हिडिओमध्ये..."

"मी रोज सलाइन लावते. सरका."

तिने खालचा स्क्रू घट्ट केला, हँडल वळवून डबी सगळ्यात उंच आणली. पान्याच्या दांड्याने नळीला खालून वर हलकेच टिचक्या मारत, लिव्हर जरा जरा दाबत राहिली. डबीत एकेक बुडबुडा वर येऊन फुटला. दहाव्या मिनिटाला लिव्हर टणक!

साहेबांनी कौतुकाने तो दाबायला हात पुढे केला आणि कळवळले. मनगट टम्म सुजलं होतं.

"शीर ताणलीये," तिने क्रेप बँडेज गुंडाळत सांगितलं. "पंधरा दिवस या हाताने काहीही दाबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल तिनेच चालवली. (लायसन्स लग्नाआधीपासून होतं. साहेबांनी कधी विचारलंच नव्हतं.) गिअर असे पडत होते, की मागे झबल्यांची पिशवी मांडीवर धरून बसलेल्या साहेबांना हेवा वाटला.

मेहुणी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. बँडेज पाहून दचकली. "भावोजी, पडलात की काय?"

"छे! क्लच दुरुस्त केला," साहेब छाती काढून म्हणाले. "दोघांनी मिळून."

"अगंबाई! त्यात तुम्ही काय केलंत?"

बायकोने हेल्मेट काढलं, बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि म्हणाली, "हे हवा भरत होते, मी काढत होते."