तंबूतला ज्वालामुखी

निपाणीत भूगोल हा विषय मी जिवंत केला. हे दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते.

आमच्या मुलींच्या शाळेत कल्याणीबाई भूगोल शिकवतात. बेळगावच्या आहेत, दोन वेण्या घातल्या तर आमच्यातल्याच वाटतील. पण त्या तरी काय करणार? आम्ही सगळ्या जणी ‘ज्वालामुखी म्हणजे ज्या पर्वताच्या मुखातून’ हे भजनाच्या चालीवर म्हणायचो आणि ‘मुखातून’पर्यंत येईतो मागच्या बाकावरच्या दोघी झोपलेल्या असायच्या. ज्वालामुखीवर झोप यावी म्हणजे फार झालं!

अशात बाजारतळावर सिनेमाचा तंबू आला. मुका सिनेमा, त्यामुळे पडद्याशेजारी रवळू नावाचा माणूस लांब काठी घेऊन उभा राहतो आणि चित्रात काय चाललंय ते ओरडून सांगतो. मी आईबरोबर गेले होते. कपटी सेनापतीनं राजकन्येला कोंडलं, आणि काय सांगू! आधी भूकंप, मग डोंगर फुटला, शेवटी समुद्र घरांवर चालून आला. आमच्या पुस्तकातला अख्खा सातवा धडा समोर धडधडत होता आणि रवळू काय सांगत होता? “देवी कोपली हो, देवी कोपली!” तिन्ही वेळा तेच. देवीला जरा श्वास तरी घेऊ द्यावा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. “बाई, पुस्तक मिटा. धडा तंबूत घेऊ. रवळूच्या जागी मी सांगते.”

बाईंचे डोळे चमकले. मात्र त्या सावध आहेत. म्हणाल्या, “आधी घरी विचार.”

घरी म्हणजे आप्पांना. माझे वडील मारुतीराव, तंबाखूचे व्यापारी. मी सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार होते आणि पुढं बेळगावला आत्याकडे राहून हायस्कूलला जायचं मनात होतं. आप्पांच्या मनात मात्र खानापूरच्या परशराम सावकारांचा मुलगा होता. सावकारांचा लाकडाचा मोठा अड्डा, माणसं चांगली, मुलगा म्हणे पोहतो. मुलगा पोहतो ह्यात मी काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

“चित्रं बघून भूगोल येतोय व्हय?” आप्पा म्हणाले. “बरं, बघूया तरी. त्याच दिवशी खानापूरचं पाव्हणं येत्यात, त्यास्नीबी आणतो. खेळ झाला की तितंच चार माणसांत सांगून टाकतो. बेळगाव का खानापूर.”

झालं! एका खेळावर माझा जन्म टांगला गेला. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंदानं जेवण गेलं नाही.

रवळूला पटवणं सोपं गेलं. त्याचा घसा बसलेलाच होता. “सांग तू, आक्का,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी मागं पत्रा हालवीत बसतो. पर देवीला सोडू नगंस, लोकास्नी सवय हाय.”

पत्र्यानं गडगडाट होईल, पण राख? ज्वालामुखीतून राख उडते, ती लोकांना दिसली पाहिजे. चुलीतली राख आई देईना. तिला भांडी घासायची होती. मग आठवलं, आमच्या वखारीच्या मागच्या खोलीत तंबाखूच्या भुकटीची पोती पडलेली असतात. काळपट, बारीक, हलकी, फुंकर मारली की तरंगते. पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम! अर्धं पोतं मी मैत्रिणीच्या, मनूच्या मदतीनं ओढत नेलं. लोहाराकडून भाता आणला. मनूला पडद्यामागं बसवलं आणि बजावलं, “डोंगर फुटला की एकदा दाबायचा. एकदाच.”

“एकदाच,” मनू म्हणाली. मनू शब्दाची पक्की आहे. फक्त तिनं सिनेमा पाहिलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी तंबू असा भरला होता की शेंगदाणा पडायला जागा नव्हती. एका बाजूला बायका, त्यात वखारीत तंबाखू निवडणाऱ्या सगळ्या, पुढं त्यांची मुकादमीण राजाबाई. दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मधोमध खुर्च्यांवर आप्पा आणि खानापूरचे परशराम सावकार. सावकारांचा फेटा एवढा मोठा की मागची रांग वाकून बघत होती.

मी काठी हातात घेतली. पेटीवाल्यानं सूर धरला. राजाचं सिंहासन हलायला लागलं.

“हा भूकंप!” मी म्हणाले. “आपली पृथ्वी आत तापलेली आहे आणि हळूहळू निवते आहे. वांगं भाजून निवलं की साल कशी सुरकुतते? तशी जमीन सुरकुतते, आणि मग वरची घरं हलतात.”

“वांगं!” बायकांत कुजबुज झाली. पुढच्या दोघींनी माना डोलावल्या. मला स्फुरण चढलं.

“भूकंप झाला तर घरात थांबायचं नाही. मोकळ्यावर पळायचं. आणि डोंगर फुटला तर नाकातोंडाला ओला पदर लावायचा. राख वाऱ्यावर हजार मैल जाते. म्हणजे डोंगर कुठंतरी समुद्रापलीकडं फुटेल आणि राख इथं निपाणीत तुमच्या भाकरीवर पडेल.”

“अगं बया!” राजाबाई म्हणाली. कल्याणीबाई कडेला उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं हसू बघितलं.

आणि डोंगर फुटला. रवळूनं पत्रा असा हाणला की पेटीवाला उडाला. मनूनं भाता दाबला. पडद्याखालून काळा ढग हलकेच वर आला आणि उजेडाच्या झोतात तरंगायला लागला. काय दृश्य होतं! लोकांनी आ वासला. तेच चुकलं.

कारण मनू पडद्याच्या फटीतून सिनेमा बघत होती, आणि राजकन्या डोंगराखाली अडकली होती. राजकन्या जसजशी पळे तसतशी मनू भाता दाबे. राजकन्या पडली, मनूनं भाता दाबला. राजपुत्र आला, मनूनं आनंदानं दोनदा दाबला. अर्धं पोतं निपाणीच्या प्रतिष्ठित लोकांवर रिकामं झालं.

इथं माझ्या शिकवण्याचं फळ बघा. बायकांनी एकमेकींना हाका मारल्या, तंबूत प्यायला ठेवलेल्या पाण्याच्या घागरीत पदर बुडवले आणि नाकाला लावले. एकही शिंकली नाही! पुरुषांनी मात्र माझं ऐकूनही नुसतं “वा वा” केलं होतं. आधी एक शिंक आली. मग दहा. मग पुरुषांच्या बाजूनं नुसता तोफखाना सुरू झाला. समुद्राची लाट पडद्यावर येऊन गेली, पण ती कुणी बघितलीच नाही. डोळ्यांना पाणी होतं, तेच पुरे होतं.

गॅसबत्त्या लागल्या. आप्पा फेटा झटकून उभे राहिले. धडा एवढा रंगल्यावर ते बेळगावच म्हणणार, ह्यात मला शंका नव्हती.

“मंडळी,” आप्पा म्हणाले, “आमच्या विनोदिनीचं मी असं ठरवलंय की तिला—”

परशराम सावकार शिंकले.

आता काय सांगायचं? शुभ बोलायला माणूस उभा राहिला आणि शिंक आली की बोलणं तिथंच थांबतं. आप्पा खाली बसले. त्यांनी पाणी मागवलं, घोटभर प्याले, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा उभे राहिले.

“तर मी असं ठरवलंय की—”

सावकार पुन्हा शिंकले. फेटा पुढच्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडला.

“मारुतीराव, राहू द्या आज,” कुणीतरी म्हणालं. “दोनदा शिंक झाली. बरं लक्षण न्हवं.”

बेळगाव गेलं! तेवढ्यात राजाबाई उठली. पदर नाकाला तसाच.

“आवो, तंबाखूची शिंक हाय ती. तंबाखूची शिंक निपाणीत कोण धरतंय? धरली तर वखारीत एक सौदा हुयाचा न्हाई.”

“व्हय की,” चारजण म्हणाले. खरंच आमच्याकडं असं आहे. तंबाखूनं आलेली शिंक शिंकच नव्हे.

“तंबाखू कुठली?” सावकार डोळे पुसत म्हणाले. ते पडले खानापूरचे. “पोरगी आत्ताच न्हाई का बोलली? राख हाय ही. हजार मैल येती म्हणून.”

आणि तंबूचे दोन तुकडे झाले. अर्धे म्हणाले तंबाखू, अर्धे म्हणाले राख. एका म्हाताऱ्यानं तर कोटावरची भुकटी पुडीत बांधायला घेतली, समुद्रापलीकडची म्हणून. मी एवढं चांगलं शिकवलं होतं की आता ते पुसता येईना! कल्याणीबाई मला खुणेनं काहीतरी सांगत होत्या, पण त्यांनाच शिंक आली.

आप्पा माझ्याकडं वळले. “विनू, खरं सांग. राख का तंबाखू?”

मी क्षणभरही थांबले नाही. बेळगावच्या वाटेत एक शिंक आडवी आली होती, ती हटवायची होती.

“तंबाखू, आप्पा! शुद्ध तंबाखू! आपल्याच वखारीतली! एकही शिंक धरायची नाही, तुम्ही खुशाल बोला!”

पडद्यामागून मनू भात्यासकट बाहेर आली. पुरावा म्हणून तिनं एकदा दाबूनही दाखवला.

आप्पांनी चिमूटभर भुकटी हातावर घेऊन वास घेतला, मान हलवली आणि बोलायला उठले. पण त्यांच्याआधी परशराम सावकार उठले. त्यांनी आपला फेटा शोधला, झटकला, आणि माझ्याकडं, भात्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघितलं.

“पोरी, हे असं सगळं करून दाखवाय लागतंय व्हय तुला? पुढचा धडा कुठला?”

“वणवा,” मी उत्साहानं सांगितलं.

सावकारांनी आप्पांचा हात हातात घेतला. “मारुतीराव, मानूस म्हणून तुमी लाखात एक. पर तुमची वखार तंबाखूची. हिच्या भूगोलानं तुमच्यात नुसती शिंक येती. आमचा लाकडाचा अड्डा हाय.”

एवढं बोलून ते गेले. बाहेर प्रवाशांची सर्व्हिस मोटार उभी होती. ती सुटायला अवकाश होता, तरी सावकार आत जाऊन बसलेले तंबूच्या फटीतून दिसत होते.

आप्पा उभ्याचे उभेच होते. त्यांनी एकदा बाहेर बघितलं, एकदा लोकांकडं. घसा खाकरला. “तर विनोदिनीला आमी बेळगावला पाठवतोय. शिकाय.”

काय टाळ्या पडल्या! राजाबाईनं माझी दृष्ट काढली. कल्याणीबाईंनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, “विद्येचं सामर्थ्य वडिलांना दिसलं, विनोदिनी.” मी तर घरी चालत जात नव्हतेच. तरंगत होते.

तरंगता तरंगता आप्पांना विचारलं, “आप्पा, पहिल्यांदा उठलात तेव्हाच बेळगाव म्हणणार होतात ना?”

“न्हाई. खानापूर.”

मी जमिनीवर आले. “आणि दुसऱ्यांदा?”

“तवाबी खानापूर. पानसुपारीबी आणून ठेवलीती.” आप्पांनी कोटावरची भुकटी झटकली. मग म्हणाले, “त्यात तू शिंका खोडाय लागलीस, खुशाल बोला म्हणालीस. मला वाटलं, पोरीला पोहणारा मुलगा पसंत हाय.”

हे कल्याणीबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्या शाळेत सगळ्यांना माझं उदाहरण देतात.