तार नसली तरी चालेल

एका ओळीत काम होईल, असं मी साहेबांना सांगितलं तेव्हा ती ओळ लिहूनही झाली होती. मी बढाई मारतो ती काम झाल्यावरच. एवढी शिस्त माझ्यात आहे.

आमची कंपनी गोळ्यांचे बोलके डबे बनवते. सात कप्पे, एक स्पीकर, एक बॅटरी. वेळ झाली की डबा म्हणतो, "गोळी घ्या." आवाज माझा आहे, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी ऑफिसात घसा न बसलेला मी एकटाच होतो. गोळी घेऊन हिरवं बटण दाबलं की डबा गप्प. नाही दाबलं तर दर मिनिटाला पुन्हा, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मोठ्याने बोलायची कल्पनाही माझीच.

डब्याच्या पोटात वीज सांभाळणारी एक चिप असते. बॅटरी, चार्जिंग आणि ते हिरवं बटण हे सगळं तिच्याकडे. बटण दाबलं की ती एका तारेवरून प्रोसेसरला टोचते, की बाबा रे, हातातलं काम ठेव आणि इकडे बघ. याला इंटरप्ट म्हणतात. चिप आणि प्रोसेसर यांच्यातला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, आणि तो लिहिणारा मी.

आता झालं असं, की आमच्या हार्डवेअरवाल्याने एक साधा डबा काढला. ऑफिसात या हार्डवेअरवाल्याला कपातशेठ म्हणतात. त्याने बटण काढलं, आणि बटण नाही तर तार कशाला म्हणून तारही काढली. हा डबा तीनदा बोलून आपोआप गप्प बसतो. पण माझा ड्रायव्हर तारेशिवाय कामाला हात लावेना. सुरू होताना तो विचारायचा, "माझी तार कुठली?" उत्तर यायचं, "तुला तार नाही." मग हा रुसून बसायचा आणि डबा मुका.

"तार ऐच्छिक करा," साहेब म्हणाले. "असली तर वापरायची, नसली तर तिच्यावाचून चालवायचं."

म्हणून माझी ती ओळ. तारेचा नंबर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर मुकाट्याने पुढे चला. आधी ड्रायव्हर अशा वेळी तक्रारीचा एक संदेश नोंदवायचा, तोही मी काढून टाकला. फार रडका वाटायचा.

"दोन्ही डब्यांवर तपासलंत ना?" साहेबांनी विचारलं.

"साध्या डब्यावर तपासलं, साहेब. बटणाच्या डब्यात तार आहेच. तिथे काय बिघडणार?"

बटणाच्या डब्याची चाचणी साहेबांच्या आईंच्या घरी व्हायची होती. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना डबा पसंत पडला तर मला नोकरीत कायम करायचं, असं साहेबांनी कबूल केलं होतं. तेव्हा मला तात्पुरता म्हणून दीड वर्ष झालं होतं. त्यात माझ्या बायकोने तिच्या वडिलांना मी कायम झाल्याचं आधीच सांगून टाकलेलं. त्यामुळे मला कायम होणं भागच होतं.

शनिवारी सकाळी निघताना मी बायकोला हाक मारली, "मी साहेबांच्या आईंकडे निघतोय. येतेस का?"

"थांब जरा," आतून आवाज आला.

मी बुटाची नाडी बांधून होईपर्यंत थांबलो. ती काही बाहेर आली नाही. म्हणजे येणार नाही, असं धरून मी दार ओढून घेतलं. बसमध्ये फोनचा आवाज बंद केला. मोठ्यांच्या घरी आपला फोन वाजलेला बरा दिसत नाही.

बरोबर नऊ वाजता साहेबांच्या आईंच्या टेबलावरचा डबा म्हणाला, "गोळी घ्या."

बाईंनी रक्तदाबाची गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, वहीत बरोबरची खूण केली आणि हिरवं बटण दाबलं. साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ते कौतुक एक मिनिट टिकलं.

"गोळी घ्या."

"घेतली," बाई म्हणाल्या आणि पुन्हा बटण दाबलं.

"गोळी घ्या."

"घेतली म्हटलं ना. हा काय मला खोटं पाडतोय?"

"बाई, जरा जोरात दाबून बघा," मी म्हणालो. मग साहेबांनी दाबलं. मग मी दाबलं, अंगठ्याने, कोपराने आणि शेवटी डबा जमिनीवर ठेवून टाचेने. पाचव्या वेळेला खिडकीच्या काचा हलल्या.

"आई, तू दुसरी गोळी घेऊ नकोस हं," साहेब घाबरून म्हणाले.

"माझं डोकं ठिकाणावर आहे. याला बंद कर."

साहेब माझ्याकडे वळले. "बंद कसा करायचा?"

"हिरवं बटण दाबून धरायचं," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझा आवाज खाली गेला.

"बॅटरी काढा मग."

"ती आत कायमची बसवलेली आहे, साहेब."

"किती चालते?"

"नऊ दिवस," मी सांगितलं. वीज वाचवण्यावर मी मनापासून मेहनत घेतली होती.

डबा दोन गाद्यांमध्ये घालून कपाटात कोंबला. कपाटातून माझाच आवाज ओरडू लागला. शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, की घरात कोणाला कोंडलंय का. मी समोर उभा असूनही त्यांचं समाधान झालं नाही.

साहेबांनी पुढे केलेल्या फोनवरून मी कपातशेठला गाठलं.

"अरे, बटणाच्या डब्यात तारा सांभाळणारा भाग उशिरा उठतो," तो म्हणाला. "तुझा ड्रायव्हर तार मागायला येतो तेव्हा तो म्हणतो, थांब जरा, थोड्या वेळाने ये. पूर्वी तुझा ड्रायव्हर थांबायचा. आता काय करतो?"

"आता तो त्याला 'नाही' समजून पुढे जातो."

"मग तसा काही संदेश तरी येत असेल?"

"तो मी काढला."

कपातशेठने फोन ठेवला. तार डब्यात होती, चिप इमानाने टोचत होती, आणि माझ्या ड्रायव्हरने तिकडे पाठ फिरवली होती. मला खरोखर लाज वाटली. मी लॅपटॉप उघडला आणि दोन ओळी लिहिल्या. 'नाही' म्हणाले तर पुढे जा, 'थांब' म्हणाले तर थांब. आता हे डब्यात भरायचं, म्हणून पिशवीत हात घातला. केबल नव्हती. मला ती स्पष्ट दिसत होती, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

साहेब घड्याळाकडे आणि बाई माझ्याकडे बघत होत्या. माझं कायम होणं त्या कपाटात ओरडत होतं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात माझी बायको. एका हातात केबल, दुसऱ्या हातात फोन.

"अकरा फोन केले तुला," ती म्हणाली. "थांब म्हणाले ना मी? टेबलावरची ही केबल घेऊन येतच होते."

"मला वाटलं, तू येत नाहीस."

"मी 'नाही' म्हणाले होते का?"

बाईंनी तिला खुर्ची दिली. मला दिली नाही. मी डबा कपाटातून काढला आणि जमिनीवर बसून त्यात दुरुस्ती भरली. डबा पुन्हा सुरू झाला, या वेळी तारेसाठी थांबला, आणि "गोळी घ्या" म्हणाला. बाईंनी बटण दाबलं. डबा गप्प झाला. आम्ही सगळे डब्याकडे बघत राहिलो. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"चांगला आहे डबा," बाई शेवटी म्हणाल्या. "बनवणाऱ्यावर गेला होता, एवढंच."

जिना उतरताना मी धीर करून विचारलं, "साहेब, मग माझं कायम करण्याचं?"

"थांबा जरा," साहेब म्हणाले.

याला आता पाच महिने झाले. पूर्वीचा मी असतो तर 'नाही' समजून केव्हाच दुसरी नोकरी धरली असती. आता नीट थांबतो, आणि दर सोमवारी जाऊन पुन्हा विचारतो. बायको म्हणते, काही माणसं 'नाही' म्हणतानासुद्धा 'थांबा'च म्हणतात. त्यासाठी कोणती ओळ लिहायची, ते मला अजून सापडलेलं नाही.