न हललेली वस्तू

निरीक्षकसाहेबांना सगळी कचेरी पाठीमागे ‘कलमराव’ म्हणायची, आणि ते काही उगीच नव्हतं. घरी दूध उतू जायला लागलं, तरी ते आधी ही जबाबदारी कोणाची हे ठरवायचे आणि मगच गॅस बंद करायचे. शहरातली दारापुढची, जिन्याखालची, अंगणातली अडगळ हटवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नोटिसा धडाधड जात होत्या आणि लोक त्यांची नीट घडी करून त्याच अडगळीच्या पायाखाली टेकण म्हणून घालत होते.

शेवटी सामान उचलून नेण्याचं कंत्राट द्यायचं ठरलं. एक क्रेन आणि दोन ट्रक बाळगणाऱ्या एक बाई पुढे आल्या. अंगाने भक्कम, बोलायला मऊ, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना ताई म्हणत. सही करण्याआधी त्यांनी कागद तीनदा वाचला.

“साहेब, अडगळ म्हणजे नेमकं काय धरायचं?”

“कलम चार वाचा की! ‘सहा महिने जागची न हललेली, उघड्यावरची कोणतीही वस्तू.’ मी स्वतः लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.”

“मग ठीक. मी फार शिकलेली नाही हो, पण लिहिलेल्याच्या बाहेर जात नाही.”

इतकं सरळ माणूस आपल्याला आजवर भेटलं नव्हतं, असं वाटून कलमरावांचा ऊर भरून आला.

पहिल्याच सकाळी ताईंनी नगरपालिकेच्या आवारातला नगरपालिकेचाच ट्रक उचलला. तो दोन वर्षं बिघडून उभा होता. म्हणून तर कंत्राट निघालं होतं. दुपारी व्हरांड्यातलं लोखंडी कपाट गेलं. त्यात आजवर दिलेल्या सगळ्या नोटिसांच्या प्रती होत्या.

“अहो ताई, ते सरकारी आहे!” कलमराव धावत आले.

“कलमात ‘सरकारी सोडून’ असं कुठंय?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कलमराव बोलणार कोणाला?

तिसऱ्या दिवशी ट्रक कलमरावांच्याच गल्लीत शिरला. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर दारापुढच्या लोखंडी खाटेवर पेपर वाचत बसले होते. ताईंनी त्यांना आदराने उठवलं आणि खाट चढवली. पेपरची घडी करून मास्तर म्हणाले, “न्या, न्या. पण ताई, एका पोराला उभं केलं की शेजारच्याचीही वही बघावी लागते. साहेबांच्या अंगणात त्या ताडपत्रीखाली काय आहे, विचारा बरं.”

ताडपत्रीखाली कलमरावांच्या सासऱ्यांची गाडी होती. सासरे गेले आणि मागे लेकीसाठी एवढी एकच वस्तू ठेवून गेले, त्याला अकरा वर्षं झाली. “पुढच्या रविवारी गाडी शिकतो, मग तुला मस्त चक्कर मारून आणतो,” असं कलमराव अकरा वर्षं म्हणत होते. टायर बसले, मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यायली, पण तो रविवार काही उजाडला नाही. बायको मात्र रोज गाडी पुसायची आणि लहानपणी वडिलांशेजारी बसायची त्याच पुढच्या सीटवर बसून भाजी निवडायची.

गाडी जाऊ द्यावी, तर बायकोला तोंड कसं दाखवणार? अडवावी, तर उद्यापासून नोटिशीला कुत्रं विचारणार नाही. गल्ली एव्हाना गॅलऱ्यांत जमली होती.

“न्या,” कलमराव जमिनीकडे बघत म्हणाले.

ताडपत्री निघाली. आत बायको मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसलेली.

“अगं, उतर खाली!”

“नाही उतरत. बाबांची गाडी कुठे नेऊन टाकताय, ते मला बघू दे.”

कलमराव ताईंकडे वळले. “ताई, आता?”

ताईंनी चष्मा वर सरकवून कागद पाहिला. “वहिनींना मी सकाळीच दळण आणताना पाहिलंय. म्हणजे त्या अडगळीत येत नाहीत. पण वस्तूत कोणी बसलं असेल तर उतरवा, असंही लिहिलेलं नाही. बसा वहिनी, सांभाळून.”

गाडी ट्रकवर चढली. मिरवणूक बाजारातून निघाली. बायकोने काच खाली केली, कोपर बाहेर टाकलं आणि अंबारीत बसल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली. कलमराव खाली ड्रायव्हरशेजारी तोंडापुढे फाईल धरून बसले होते. तरी कानावर यायचं ते आलंच.

“अरे, साहेबांनी बायकोलाच उचललं!”

“सहा महिने ऐकलं नसेल त्यांचं!”

जप्तीच्या आवारात पोचल्यावर ताईंनी पावतीपुस्तक काढलं, ‘अडगळ जमा’ एवढं लिहिलं आणि त्यांचं पेन थबकलं.

“साहेब, घोटाळा आहे. ही गाडी आत्ता चार किलोमीटर हलली.”

“मग?”

“मग ही अडगळ कशी? कलम चार. मला ठेवून घेता येत नाही.”

“अहो, तुम्हीच हलवलीत ना ती!”

“कोणी हलवली, ते कलमात नाही.” ताईंनी आवारावरून नजर फिरवली. ट्रक, कपाट, मास्तरांची खाट. “अगंबाई! हे तर सगळंच हललंय. परत पोचवायला हवं.”

कलमरावांनी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. पळवाट सापडेना. एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये, म्हणून त्यांनीच जिवाचं रान केलं होतं.

दिवस मावळायच्या आत ज्याची वस्तू त्याच्या दारी पोचली. मास्तर खाटेवर पुन्हा पेपर उघडून बसले. “हवा मानवली वाटतं हिला,” खाट थोपटत ते म्हणाले. “कुरकुरायची थांबलीय.”

गाडी अंगणात जागेवर बसली. बायको उतरली ती लहान मुलीसारखी हसत, निवडलेली मेथी ओच्यात घेऊन.

“ताई, बाबांच्या वेळी बाजारातून अशीच जायचे हो मी. सहा महिन्यांनी पुन्हा याल ना? तेव्हा जरा तलावाकडून न्या.”

“तुम्ही तोवर हलवू नका म्हणजे झालं, वहिनी.”

“छे, आमच्याकडे तशी काही भीती नाही.”

कलमराव अंगणातल्या खुर्चीत जे टेकले, ते डोक्याला हात लावून तसेच. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. फाटकाबाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, तशी बायको लगबगीने दारात आली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “हला बघू जरा. ताई अजून कोपऱ्यावरच आहेत.”