बिरूतात्यांची वकिलातबंदी

म्हसवडच्या रस्त्याला बिरूतात्यांचं हॉटेल आहे. तिथं जेवायला बसलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, "पाव्हणं, तुमी वकिलातीतलं न्हाई न्हवं?"

म्हसवडला आजवर कुठल्याही देशाच्या वकिलातीतलं कुणी फिरकलेलं नाही. तरी तात्या विचारतात. मागं वडूजच्या कोर्टातला एक तरुण गडी जेवायला बसला आणि सरळपणानं म्हणाला, "मी वकील आहे." तात्यांनी पुढं केलेलं ताट मागं ओढलं.

"कुठल्या देशाचं?"

त्यानं सनद दाखवली, आधार कार्ड दाखवलं. शेवटी त्याचं आजोळ म्हसवडातच निघालं, तेव्हा कुठं रस्सा मिळाला.

ही सवय परदेशातली. ती लागली तेव्हा मी तिथंच होतो. आता शिरवळच्या कारखान्यात आहे, पण त्याआधी चार वर्षं एका थंड देशाच्या राजधानीत मी तात्यांचा वाढप्या होतो. तात्या माणदेशातले धनगर. फौजेत लंगरवर भाकऱ्या थापून पेन्शनीत आले आणि एका नातलगाच्या ओळखीनं तिकडं जाऊन आठ टेबलांची खानावळ टाकली. गोरं माणूस बाजरीच्या भाकरीला काटा-सुरी लावायला लागलं की ते मला अडवायचे, "थांब रं, आपरेशन चाललंय."

गल्लीच्या टोकाला आपल्या त्या भांडखोर शेजारी देशाची वकिलात होती. तिथले साहेब आमच्याकडं मटण चापायला यायचे. तात्यांची काही हरकत नव्हती. मग सीमेवर गोळीबार झाला आणि खटाव तालुक्यातला एक जवान गेला. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, की त्या वकिलातीच्या माणसांना इथे वाढले जाणार नाही. पाटी तीन भाषांत होती. त्यातली मराठी कुणासाठी, असं मी विचारलं.

"माझ्यासाठी. इसराय नगं."

पंचाईत अशी की ती माणसं ओळखायची कशी? दिसायला तर थेट आपल्यासारखी. म्हणून तात्या दिसेल त्याला विचारायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्याच वकिलातीतल्या एका बड्या साहेबांना दारातून परत पाठवलं. साहेब म्हणाले होते, "मी वकिलातीत असतो." पुढचं ऐकायला तात्या थांबलेच नाहीत. दोन दिवसांनी साहेबांचा माणूस समजूत घालायला आला. त्या देशाशी आपली बोलणी चालली आहेत, तेव्हा पाटी काढा, म्हणाला.

"बोलणं तुमचं काम, तुमी बोला," तात्या म्हणाले. "वाढणं माझं काम. मी वाढणार न्हाई."

ऐन हिवाळ्यात एका दुपारी एक बाई दाराशी आली. सातवा-आठवा महिना असावा. तिनं पाटी वाचली आणि तिथंच उभी राहिली. मी दार उघडलं. ती हिंदीत म्हणाली, "माझे मिस्टर त्याच वकिलातीत आहेत. मी आत येत नाही. भाकरी भाजल्याचा वास आला म्हणून जरा थांबले."

तात्या तव्यापासून उठून बाहेर आले. आधी पाटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. खुर्ची ओढून म्हणाले, "बैठो."

"तात्या, पाटी?" मी हळूच म्हणालो.

"पाटी वकिलातीला हाय. पोटातल्या लेकराचा अजून पासपोर्ट निघाला न्हाई."

बाईनं तीन भाकऱ्या आणि वाटीभर लसणाची चटणी संपवली. नाका-डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ती हात आवरेना. मग ती रोजच यायला लागली. एकदा तिनं "चाचा" अशी हाक मारली, तेव्हा तात्यांनी आपल्या फौजी हिंदीत तिला दटावलं, "दुश्मन को चाचा नहीं बोलते. लोणी लो."

तिचा नवरा मात्र समोरच्या फुटपाथवर, बर्फात, कॉलर वर करून उभा असायचा. मला कीव यायची.

"तात्या, गारठला की हो त्यो."

"गारठू दे. सायेब हाय."

एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तात्या तिच्या वाटणीच्या भाकऱ्या करून झाकून ठेवायचे आणि कुणी दार उघडलं की मान वर करायचे. पाचव्या दिवशी समोरच्या फुटपाथवर तो नवरा दिसला, हातात मिठाईचा पुडा घेऊन. तात्यांनी शेगडी बंद केली आणि तसेच, पीठभरल्या हातांनी, रस्ता ओलांडून गेले. मी काचेतून बघत होतो. त्यांनी पुड्यातलं काहीतरी तोंडात टाकलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या काळ्या कोटावर पांढरा पंजा उमटला.

परत आले ते शेगडीकडं गेलेच नाहीत. खुर्चीत बसले.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

"मग झालं की चांगलं," मी म्हणालो.

"व्हय." बराच वेळ ते हातांवरचं पीठ चोळत राहिले. "माझी बायकू बाळंत झाली तवा मी असाच बर्फात व्हतो, वरच्या चौकीवर. लय दिसांनी निरोप आला. ती बी गेली, पोर बी. पोरगीच व्हती. नाव ठिवायचं राहिलं."

तात्यांचं लग्नच झालेलं नाही, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

थोड्या वेळानं त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. "ह्या पोरीचं नाव काय ठिवलं, इचारलंच न्हाई बघ मी. जा रं, पळ. कोपऱ्यापतूर गेला आसंल."

मी कोट न घालताच पळालो.