कॅप्टनची अक्कलदाढ

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली खुर्ची तशी धडधाकट आहे, फक्त तिचा उजवा हात ढिला आहे. नवा पेशंट आडवा होतो, विसावायला म्हणून हात टेकवतो आणि खुर्चीचा हात खाली लोंबायला लागतो. पेशंट दचकतो. डॉक्टर मात्र खूष होतात, कारण त्यांना गोष्ट सांगायला मिळते.

"हा हात एका वैमानिकानं उपटलाय," सुई भरता भरता ते सांगतात. "भर वादळात विमान खाली उतरवणाऱ्या माणसानं! मग तुम्ही कशाला लाजता घाबरायला?"

पेशंटचं तोंड आश्चर्यानं उघडतं. डॉक्टरांना तेवढंच हवं असतं.

तो वैमानिक म्हणजे वरच्या मजल्यावरचे कॅप्टन. दवाखाना तळमजल्यावर, डॉक्टरांचं घर पहिल्या मजल्यावर आणि कॅप्टन त्यांच्या डोक्यावर. नोकरीतून निवृत्त होऊन कॅप्टन इथे राहायला आले, पण त्यांच्यातला वैमानिक काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. सकाळी दोघं फिरायला निघाले की फाटकातच कॅप्टन थांबत आणि जाहीर करत, "आकाश निरभ्र, वारा मंद, डाव्या बाजूला शेजाऱ्यांचा कुत्रा. निघायला हरकत नाही." मग कुठे पाऊल पडे.

दोघांची मैत्री एका भांडणावर उभी होती. डॉक्टर विमानात बसायला घाबरत आणि कॅप्टन डॉक्टरांच्या खुर्चीत. "एवढं लोखंड हवेत राहतंच कसं?" हा डॉक्टरांचा प्रश्न आणि "जिवंत माणसाच्या तोंडात चिमटा घालायला मन कसं धजतं?" हा कॅप्टनचा. उत्तर दोघांनाही नको होतं. रोजच्या फेरीला विषय मिळाला, एवढंच.

पण डॉक्टरांच्या भीतीची झळ घरापर्यंत पोचली होती. त्यांची मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली होती आणि तिची मुलगी आता दोन वर्षांची झाली होती. आजी विमानानं जाऊन-येऊन असे. ह्या गोष्टीच्या वेळीही ती तिकडेच होती. आजोबा मात्र फोनवर. परिणाम असा झाला, की आजोबा फोनमध्येच राहतात अशी नातीची समजूत झाली. आजोबा कुठे, असं विचारलं की ती फोन आणून दाखवी. एकदा तिनं त्यांना भूक लागली असेल म्हणून फोनला बिस्किट भरवलं. डॉक्टर पोट धरून हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आणि मग कॅप्टनची अक्कलदाढ सुजली.

चार दिवस कॅप्टननी लवंगेवर काढले. पाचव्या दिवशी गाल एवढा फुगला, की कॅप्टनीणबाईंनी त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"आज नको डॉक्टर," कॅप्टन ओठ मिटूनच म्हणाले. "आज दृश्यमानता कमी आहे."

"दिवा लावलाय. आ करा. पायाची बोटं हलवत राहा, म्हणजे लक्ष तिकडे जातं. अजिबात दुखणार नाही."

"तुम्हाला काय माहीत? दाढ माझी आहे."

"अहो, जन्म गेला माझा ह्यात!"

"माझाही जन्म गेला विमानात. मी रोज सांगतो, विमान पडत नाही. तुम्ही ठेवता विश्वास? मग मी का ठेवू?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. आत सुई हातात धरून डॉक्टरांचा दंड भरून आला होता. शेवटी त्यांचा तोल गेला.

"बरं बाबा! तुम्ही तोंड उघडा, मी विमानात बसतो!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. कॅप्टननी एवढा मोठा आ केला, की दाढेच्या मागचंही बरंच काही दिसलं. भूल दिली गेली, चिमटा लागला, आणि दाढ सुटली त्याच क्षणी खुर्चीचा उजवा हातही सुटला. कॅप्टन तो हातात घेऊनच उठले, थेट बाहेर गेले आणि थांबलेल्या पेशंटांसमोर त्यांनी कापसाच्या बोळ्यामागून एक लांबलचक घोषणा केली. ती कुणालाच कळली नाही. पण डॉक्टरांच्या मदतनीस बाई, ज्यांना सगळे पेशंट पाठीमागे फौजदार म्हणत, त्यांना कापूस भरलेल्या तोंडाची भाषा मातृभाषेसारखी यायची.

"डॉक्टर विमानानं नातीला भेटायला जाणार आहेत म्हणतात," फौजदारांनी भाषांतर केलं. पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचे गाल सुजले होते त्यांनीसुद्धा.

"अहो, पेशंटनं तोंड उघडावं म्हणून मी बोललो ते!" डॉक्टर आतून ओरडले.

"मग 'दुखणार नाही' हेही त्यासाठीच बोलत असाल," एका बाईंनी शंका काढली आणि पर्स उचलली. दवाखान्याची अब्रू पणाला लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! डॉक्टर गप्प बसले आणि फौजदारांनी ते गप्प बसणं होकार समजून त्यांच्या बायकोला फोन लावला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, तोही जावयाच्या फोनवरून.

"बाबा, खरंच येताय ना? तुमच्या नातीला मी सांगितलं, आजोबा आता फोनमधून बाहेर येणार. तिला काही दम निघेना. तुम्हाला बाहेर काढायला तिनं फोन जमिनीवर आपटला. दोनदा."

"मग?"

"फोन गेला. आणि आजोबा निघाले नाहीत म्हणून ती तेव्हापासून रडतेय. मी कुठला दुसरा फोन दाखवू तिला?"

"येतो, येतो!" डॉक्टर म्हणाले. पण भीतीला नात कळत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कान दुखू लागला, तिसऱ्या दिवशी रक्तदाब वाढला. फौजदारांनी कानात थेंब घातले आणि रक्तदाब मोजून तो चांगला असल्याचं तोंडावर सांगितलं. मग डॉक्टरांचा पासपोर्ट हरवला. फौजदारांनी तो प्लास्टरच्या कवळ्यांच्या कप्प्यातून काढून दिला.

"इथे कशाला ठेवला होता?"

"सुरक्षित राहावा म्हणून," डॉक्टर पुटपुटले.

शेवटी कॅप्टननीच तोडगा काढला. "मी येतो सोबत. तुमच्यामुळे दाढ सुटली, आता तुम्हाला सोडून येतो."

विमानतळावर कॅप्टन माहेरी आलेल्या मुलीसारखे वागत होते. ह्याला हाक मार, त्याची पाठ थोपट. डॉक्टर त्यांच्या मागून बॅग छातीशी धरून चालत होते. विमानात शिरताना त्यांनी दाराचा पत्रा बोटानं वाजवून पाहिला आणि तो पातळ वाटला म्हणून मागे वळले, पण मागे कॅप्टन होते.

दोघं जागेवर बसले. दार लागलं. डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला.

"डॉक्टर, एक सांगू? कुणाला सांगू नका."

"काय?"

"मला भीती वाटतेय."

डॉक्टरांनी खाडकन डोळे उघडले. "तुम्हाला?"

"जन्मभर पुढे बसलो हो. मागे बसायची सवयच नाही. इथून काही दिसत नाही. चालवणारा कोण, कुठला, काही माहीत नाही. जरा हात देता?"

आणि कॅप्टननी डॉक्टरांचा हात धरला.

समोर घाबरलेला पेशंट दिसला की डॉक्टरांमधला डॉक्टर आपोआप उठून उभा राहत असे. "काही होत नाही," ते त्यांच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडे बघा. मोठा श्वास घ्या. पायाची बोटं हलवा. हलवताय ना?"

"हलवतोय. कसला आवाज झाला हो?"

"चाकं आत गेली असतील. रोजच जातात. तुम्ही बोटं हलवा."

"आणि हे हलतंय का?"

"हवा आहे, हलणारच! रस्त्यात खड्डे नसतात का? असं काय लहान मुलासारखं!"

सबंध प्रवास असाच चालला. डॉक्टरांनी कॅप्टनना पाणी पाजलं, गोष्टी सांगितल्या, ढग दाखवले. चाकं जमिनीला टेकली तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपण घाबरायचं विसरूनच गेलो.

बाहेर नात आईच्या कडेवर होती. तिनं आजोबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग त्यांच्या पाठीमागे वाकून फोन शोधला. तो दिसेना तेव्हा तिनं हातातलं अर्धं ओलं बिस्किट त्यांच्या ओठांना लावलं. ते खरंच खाल्लं गेलेलं पाहून ती एवढ्या जोरात हसली, की आजूबाजूचे लोक थांबले. डॉक्टर हसत होते की रडत होते हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

महिन्याभरानं परतताना कॅप्टन विमान हलायच्या आधीच घोरू लागले. डॉक्टरांनी अभिमानानं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. "पूर्ण बरे झाले," ते आपल्या बायकोला म्हणाले. त्या दिवसापासून 'वैमानिकाची भीती मी घालवली' ही गोष्ट दवाखान्यात सुरू झाली. कॅप्टन हजर असले की खाली मान घालून म्हणत, "घालवली खरी."

गेल्या वर्षी कॅप्टन गेले. झोपेत, कुणाला तसदी न देता. त्यांच्या आठवणी काढायला सगळे जमले तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी वादळांच्या आणि बिघडलेल्या इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांनी आपली सांगितली. लोक खो खो हसले आणि कॅप्टनीणबाई सगळ्यात जास्त.

सगळे पांगल्यावर डॉक्टर खुर्च्या रचायला थांबले. कॅप्टनीणबाई जवळ आल्या.

"भाऊजी, मघाशी सांगितलंत ते खरं? हे विमानात घाबरले?"

"म्हणजे काय वहिनी! माझा हात सोडायला तयार नव्हते."

"अहो, मागे बसल्याबरोबर ह्यांना झोप लागायची. कुठल्या गावाहून विमान आणायचं असलं की तिथपर्यंत मागे बसूनच तर जायचे. एवढं घोरायचे, की विमानातल्या हवाईसुंदरी माझ्याकडे तक्रार करायच्या." त्यांनी एक खुर्ची डॉक्टरांच्या हातात दिली. "घाबरायचे ते एकालाच. तुमच्या खुर्चीला."

डॉक्टर हातातली खुर्ची तशीच धरून उभे राहिले. ज्या माणसानं भीतीपोटी लोखंडी हात उपटला होता, त्यानं धरलेल्या आपल्या बोटांना त्या दिवशी साधी कळसुद्धा लागली नव्हती. हे आपल्याला एवढी वर्षं कसं सुचलं नाही?

"लबाड!" ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, तरी हसू थांबेना. शेवटी कॅप्टनीणबाईही त्यात सामील झाल्या.

परवा डॉक्टर पुन्हा नातीकडे निघाले. आता विमानात त्यांना छान डुलकी लागते. पट्टा बांधून ते डोळे मिटणार, तोच शेजारी लक्ष गेलं. एक आडदांड तरुण बसला होता. दंड पैलवानासारखे, आणि चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते आणि दोन्ही हातांनी त्यानं खुर्ची आवळून धरली होती.

डॉक्टरांनी घसा साफ केला. आवाज जरा बारीक केला.

"बाळा, एक सांगू? कुणाला सांगू नकोस."

"क... काय आजोबा?"

"मला फार भीती वाटतेय रे. जरा हात देतोस?"

तरुणानं त्यांच्याकडे पाहिलं. हळूहळू त्याचे खांदे सरळ झाले, छाती पुढे आली.

"घाबरताय काय आजोबा? मी आहे ना!" त्यानं हात पुढे केला.

डॉक्टरांनी तो धरला, अगदी हलकाच.