घोडी किसनची, दावं किसनचं

घोडी माझ्या शेततळ्यात बुडत होती आणि रंगनाथ काठावर उभा राहून तिच्या मालकाला फोन लावत होता.

पाण्याच्या वर तिचं नुसतं डोकं दिसत होतं. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ साचलेलं. घोडी पुढचे पाय टेकवायची आणि पुन्हा आत घसरायची. शेजारच्या बांधावर जेसीबी चालला होता, तो माझ्या मुलानं पळत जाऊन आणला. जेसीबीवाला पट्टा हातात घेऊन उभा, पण त्याचं एकच म्हणणं, "मालक कोन हाय? मालकानं व्हय म्हनल्याबिगर मी उचलनार न्हाई. उद्या बरगडी मोडली म्हंजी माज्या नावानं बोंब."

सगळ्यांनी रंगनाथकडं पाहिलं. त्यानं फोन कानाला लावून हात वर केला. "जरा थांबा. मालकाला इचारून सांगतो."

तो नंबर कित्येक वर्षं बंद आहे, हे आमच्या वस्तीवरच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

हा रंगनाथ माझा शेजारी. आमच्या शेताचा बांध एकच. बायको वारली, मूलबाळ नाही, एकटा राहतो. माणूस साधा आहे असं लोक म्हणतात. साधा म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. डोकं वापरायचा कंटाळा असला की लोक माणसाला साधा म्हणतात, एवढंच मी पाहिलं आहे.

किसन त्याचा दोस्त. तरुणपणी दोघं एकाच टोळीत ऊस तोडायला जायचे. पुढं किसननं वरातीला भाड्यानं द्यायला ही घोडी घेतली, पण तो धंदा काही जमला नाही. एका दिवाळीनंतर तो पुन्हा कारखान्याला निघाला. जाताना घोडी रंगनाथच्या दारात बांधली आणि म्हणाला, "उन्हाळ्यात येतो, तवर संबाळ." उन्हाळे आले आणि गेले. किसन आला नाही. कोणी म्हणालं कर्नाटकात राहिला, कोणी म्हणालं दुसरा घरोबा केला, कोणी म्हणालं मेला. खरं कोणालाच माहीत नाही.

दुसरा कोणी असता तर वर्षभरात घोडी वापरायला लागला असता, नाहीतर बाजार दाखवला असता. रंगनाथनं घोडीला पाहुणी करून ठेवलं. तिला नाव ठेवलं नाही, कारण नाव मालक ठेवतो. तिच्या पाठीवर कधी बसला नाही. तिला अहो-जाहो करायचा. सकाळी दारात उभा राहून म्हणायचा, "उठा पाव्हनीबाई, पानी प्या." आयुष्यात बायकोला त्यानं अहो म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

लग्नसराईत लोक यायचे, नवरदेवाला बसायला घोडी मागायचे. "मालकाला इचारून सांगतो." मग अंगणाच्या कोपऱ्यात जायचा, बंद नंबर फिरवायचा आणि तोंड पाडून परत यायचा. "लागना." लोक शिव्या देत जायचे.

एकदा मी कांद्यासाठी थोडी लीद मागितली. घरामागं लिदीचा डोंगर झाला होता, माशा माझ्या घरात येत होत्या.

"वैनी, ती किसनची हाय."

"लीद पण?"

"घोडी त्येची, मंग लीद कुनाची?"

मी कपाळाला हात लावला आणि घरी आले.

सगळ्यात मोठं नाटक त्या दाव्याचं. आमच्याकडं जनावर विकलं तरी गळ्यातलं दावं देत नाहीत. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं बांधतो. नवं दावं पडलं की मालक बदलला. त्यामुळं रंगनाथनं किसनचं दावं कधी बदललं नाही. तुटलं की गाठ, पुन्हा तुटलं की दुसरी गाठ. शेवटी दाव्यात दोर कमी आणि गाठी जास्त झाल्या. "अरे, कुजलंय ते," मी हजारदा सांगितलं. तो हसायचा.

माझ्या मुलाला त्याची दया आली. त्यानं त्याला पाथर्डीला वकिलाकडं नेलं. मला दवाखान्यात जायचंच होतं, म्हणून मीही गेले. वकील म्हणाला, "बाबा, घोडी सांभाळायला दिली म्हणून ती तुमची होत नाही."

रंगनाथ असा खूश झाला, जसा काही खटलाच जिंकला. "तेच म्या सांगतो सायेब, कुनी ऐकत न्हाई."

"पण त्यांनी ती टाकून दिली असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांच्या गावच्या पत्त्यावर नोटीस पाठवू. घोडी घेऊन जा, नाहीतर तुम्ही ती सोडून दिली असं धरू. उत्तर आलं नाही की तुमची करून घ्यायचा रस्ता निघेल."

रंगनाथचं तोंड उतरलं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. "त्यानं ठेवलीय सायेब. सोडली न्हाई."

एवढं बोलून खाली जाऊन एसटीची वाट बघत उभा राहिला. त्या दिवसापासून हे त्याचं पालुपद झालं. कोणी काही म्हणो, "ठेवलीय, सोडली न्हाई." दर बाजारच्या दिवशी तिसगावला फाट्यावर जाऊन बसायचा. ऊसतोडीच्या गाड्या तिथं थांबतात. उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघायची, सांज झाली की रिकाम्या हातानं घरी यायचं. बाजारातून मिरचीसुद्धा आणायचा नाही.

तर ते कुजकं दावं त्या दुपारी खुंट्याजवळ तुटलं. घोडीला तहान लागली असेल. माझ्या तळ्याच्या कुंपणाची जाळी एका बाजूनं पडलेली, तिथून आत शिरली आणि घसरली. मुलानं दाव्याचं लोंबतं टोक धरून ओढलं, तर पुढची गाठही सुटली.

मी गोठ्यातून गाईचं नवं दावं आणलं आणि रंगनाथच्या अंगावर फेकलं. "बांध हे."

"वैनी, नवं कसं बांदू? मंग किसनचं काय?"

"किसन गेला खड्ड्यात आणि ही निघाली तळ्यात! फोन ठेव तो!"

"मालक कोन हाय, ते सांगा लवकर," जेसीबीवाला ओरडला.

तेवढ्यात घोडीचं नाक पाण्याखाली गेलं. वर आलं, पुन्हा गेलं.

रंगनाथच्या हातातला फोन पडला. नवं दावं खांद्यावर टाकून तो कागदावरून बसून घसरला तो थेट पाण्यात. त्याला पोहता येत नाही. विहिरीत डोकावतानासुद्धा तो माणूस दोन्ही हातांनी कठडा धरतो. दोनदा तोंडात पाणी गेलं, मग घोडीची आयाळ त्याच्या हाताला लागली. आयाळीला लोंबकळत त्यानं जुनं दावं तिच्या गळ्यातून सोडवलं, नवं बांधलं आणि त्याचं टोक माझ्या मुलाकडं फेकलं.

आणि मग त्याच्या तोंडून निघालं, "ए भवाने! मरतीस का काय! पाय मार! मार म्हंतो ना!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मालक कोन?"

"मी हाय! माजी घोडी हाय! घाल तुजा पट्टा!"

पट्टा पोटाखालून घातला आणि जेसीबीनं घोडी उचलली. तिच्या पायांनी आणि त्याच्या बकेटनं माझा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला. घोडी वर आली. मागोमाग शेपटीला धरून मालक वर आले. वर आल्यावर रंगनाथ धोतराच्या सोग्यानं तिला पुसत होता आणि तिच्या सात पिढ्या उद्धारत होता. घोडी थरथरत होती, तोही. मग पुन्हा काठाशी गेला. पाण्यावर तरंगणारं ते गाठीगाठीचं दावं त्यानं काठीनं ओढून घेतलं.

कागदाचं काय, म्हणून मी त्याच्या दारात गेले, तर त्यानं लिदीच्या दोन पाट्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. "न्या वैनी. आपलीच हाय."

मला वाटलं, सुटला बाबा एकदाचा.

पुढच्या बाजारी मी भाजीला गेले, तर हा पुन्हा फाट्यावर. मांडीवर पिशवी, पिशवीत ते दावं. धुवून वाळवलेलं.

"आता कशाला आलास? घोडी तुझी झाली ना?"

"घोडी माजी. दावं त्येचं हाय. द्याया नगं?"

"येणार आहे का तो?"

रंगनाथनं पिशवीत हात घालून गाठी चाचपल्या. "न्हाई येत आता, वैनी."

"मग बसतोस कशाला?"

समोर एक गाडी थांबली. त्यानं उतरणारी माणसं एकेक करून पाहिली. गाडी गेल्यावर म्हणाला, "दुसऱ्या कुनाची वाट बगू?"

मला बाजाराला उशीर होत होता. मी पुढं निघाले.

त्या दिवशी तळ्यातून घोडी जिवंत निघाली, रंगनाथही निघाला. माझा कागद तेवढा गेला.